दिलदारचं हिरवंगार स्टेशन

बायको माहेरी गेली की काही नवरे उपाशी राहतात, काही सिनेमाला जातात. शाहूपुरीतल्या घड्याळवाल्या दिलदारनं माडीवरचा पलंग अडवला आणि त्यावर अख्खं रेल्वे स्टेशन उभं केलं.

रोशनबी मलकापूरहून परतली आणि बघतच राहिली. पत्र्याचे रूळ, घड्याळाच्या स्प्रिंगवर पळणारी चावीची गाडी, बॅटरीच्या इवल्या बल्बांचे दिवे नि सिग्नल, सगळं झकास होतं. मागं भुसा रंगवून झाडी केली होती. ती तेवढी लालभडक होती. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळल्यासारखा सगळा देखावा! घरातल्या रांगोळीच्या रंगांपैकी या बाबानं नेमकी चुकीची पुडी फोडली होती.

"कशी हिरवीगार दिसतीया?" दिलदारनं विचारलं.

"च्या टाकते," रोशनबी म्हणाली. माणूस जीव ओतून राबला होता, त्याचा हिरमोड करायला तिचं मन धजेना.

दिलदारला लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता. त्यापायीच त्याची रेल्वेतली नोकरी डोळ्यांच्या तपासणीत हुकली होती. ही गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक. रोशनबीचे वडील लालासाब रेल्वेतले निवृत्त गार्ड, उभा जन्म लाल-हिरवे झेंडे हलवण्यात गेलेला. त्यांना 'जागा भरल्या' अशी थाप मारली होती. तरी येता-जाता ते टोमणा मारतच, "रेल्वेत लागला असतास तर माणसात आला असतास." खरं कळलं असतं तर त्यांनी जावयाला जगणं नकोसं केलं असतं.

फोटोचं मात्र बरं होतं. काळ्या-पांढऱ्यात लाल काय नि हिरवं काय! दिलदारनं दोस्ताचा कॅमेरा आणला, खिडकीला गोधडी लावली, बल्ब पेटवले, इंजिनाच्या धुराड्यात उदबत्ती खोचली आणि पोटावर पडून फोटो काढला. फोटो असा उतरला की रोशनबीलाच वाटलं, आता तिकीट काढावं. दिलदारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं फोटो थेट मलकापूरला धाडला.

झालं! दोन दिवसांत लालासाब एस्टीनं दारात हजर.

"जावई, ह्ये कुठलं टेसन? सारी लाईन पालथी घातली, ह्ये कसं दिसलं न्हाय?"

दिलदार फुशारला. "वर चला मामा, दावतो."

रोशनबी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "अब्बा, आदी च्या घ्या. वर पाल हाय."

"पालीला काय तिकीट लागतंय व्हय?" म्हणत लालासाब जिना चढले.

ते पलंगाशी वाकले. रूळ बघितले, दिवे बघितले, झाडीवर नजर खिळली. रोशनबीनं डोळे मिटून घेतले.

"झाडं कसली हिरवीगार केल्यास रं!"

रोशनबीनं खाडकन डोळे उघडले. अब्बा मन राखायला बोलतात म्हणावं, तर त्यांनी आजवर कुणाचं मन राखलं नव्हतं. तिच्या तोंडून निसटलंच, "अब्बा, ती लाल हायत की!"

"लाल?" सासरा-जावई एकदम ओरडले आणि एकमेकांकडं बघत राहिले.

"तू बी?" लालासाबनी हळूच विचारलं.

"तुमी बी? मग गार्ड कसं झालासा?"

लालासाब मटकन खाली बसले. "तपासणीला रांग हुती. पुढचा जे म्हनला, त्येच म्या म्हनलं."

"आणि झेंडं?" रोशनबीनं विचारलं.

"हिरव्याच्या दांडीला खाच पाडलीती."

दिलदार त्यांच्याशेजारी टेकला. "मामा, माझ्या पुढं रांगेत कुणीच न्हवतं वो."

लालासाबनी त्याला जवळ ओढलं. "मग तुझी काय चूक, लेकरा? उगंच बोललो तुला." रोशनबीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मग म्हाताऱ्याला राहवेना. त्यांनी स्वतः गाडीला चावी दिली आणि ती बोटानं धरून ठेवली. "सिग्नल बघितल्याबिगर न्हाय सोडायची. रोशन, कुठला लागलाय?"

सासरा आणि जावई, दोघंही पोरांसारखे तिच्या तोंडाकडं बघत होते. सिग्नलचा बल्ब लालबुंद पेटला होता.

"हिरवा," रोशनबी म्हणाली.