सात फेऱ्यांची गाडी

गिऱ्हाइकाच्या गाडीचं दुखणं गॅरेजबाहेर जाता कामा नये, असा माझ्या वडिलांचा, नूरोआंचा, नियम आहे; आणि पापा तेरेमोआनांच्या गाडीबद्दल तर त्यांनी मला वेगळं बजावलं होतं. तरीही मी हे लिहिते आहे, कारण पापांचं विमान आज दुपारी आहे आणि ते कायमचे जाणार आहेत.

आमच्या बेटावर म्हाताऱ्या माणसाला पापा म्हणतात आणि म्हाताऱ्या बाईला मामा. पापांची मोटरसायकल सव्वीस वर्षांची. रारोटोंगाला मोठा रस्ता एकच, बेटाभोवती गोल, बत्तीस किलोमीटरचा. त्यामुळे आमच्या गॅरेजात ॲव्हरेज किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही, फेऱ्यांमध्ये सांगतात. पापांची गाडी एका टाकीत सात फेऱ्या द्यायची. त्यांची बायको, मामा राउमेआ, मागे बसून वळण आलं की त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ती उपचारांसाठी ऑकलंडला निघाली, तेव्हा विमानतळावर म्हणाली होती, "गोल रस्ता आहे, तेरे. कुठूनही निघालं तरी घर येतंच. फक्त गाडी घेऊन ये. कुणाच्या मोटारीत मी बसायची नाही." ती तिकडेच वारली आणि मुलाने तिला तिकडेच पुरलं. तितिकावेका गावातल्या त्यांच्या घराच्या अंगणात, आईवडिलांच्या थडग्यांशेजारी, पापांनी तिच्यासाठी बांधलेला ओटा रिकामाच राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी पापा टिआरेच्या फुलांची माळ हँडलला अडकवून विमानतळावर जात, शेवटचा उतारू बाहेर पडेपर्यंत कुंपणाशी उभे राहत, आणि कोमेजलेली माळ घेऊन तशीच गाडी वळवत.

यंदा आंब्यांच्या दिवसांत गाडी साडेपाच फेऱ्यांवर आली.

"म्हातारी झाली, पापा," वडील म्हणाले. "आता तिला चार वेळा खायला लागतं."

"तुझ्यापेक्षा कमीच खाते. तू बघ आधी."

वडिलांनी बघितलं. एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, चेन ताणली, टायरची हवा तपासली. प्लग काढला तर तो छान तपकिरी, जसा असायला हवा तसा. टाकीच्या जागी खुणा केलेली बाटली टांगून ते स्वतः एकटे फेरी मारून आले आणि बाटलीकडे पाहत राहिले. मग त्याच कंपनीची आमची जुनी गाडी काढून, मला मागे बसवून, तीच फेरी पुन्हा मारली. दोन्ही बाटल्यांतलं पेट्रोल एकाच खुणेवर आलं.

"हे डबलसीटचं ॲव्हरेज आहे, पापा. कुणाला मागे घेता का?"

"मागे बसायला कोण राहिलंय?" पापा हसले, पण हसता हसता त्यांची नजर मागच्या फूटरेस्टवर गेली. ते उघडे होते. वडिलांनी ते पायाने आत दाबले. "मी नव्हते उघडले," पापा म्हणाले, आणि बराच वेळ सीटवर हात ठेवून उभे राहिले.

मग म्हणाले, "नूरोआ, राहू दे. आहे तशीच चालू दे."

त्या दिवसापासून त्यांचं विमानतळावर जाणं थांबलं. ते गाडीवर थोडे पुढे सरकून बसू लागले, खड्डा आला की हळू घेऊ लागले, आणि ऑकलंडच्या मुलाला त्यांनी कळवलं, की तिकीट पाठवू नकोस, मी इथून हलणार नाही.

पण माझ्या वडिलांना हार मानणं जमत नाही. महिन्याभरापूर्वी हेडलाइटसाठी गाडी आली, तेव्हा त्यांनी न विचारताच सीट उतरवली, मागचं चाक खोललं आणि ब्रेकचे लायनर बदलले. दोन दिवस गाडी तशी उघडी पडून होती. शेजारी माझी स्कूटर उभी असायची.

"ब्रेक चिकटत होता, पापा. आता पुन्हा सात फेऱ्या," वडील खुशीत म्हणाले.

पापा एक फेरी मारून आले. गाडी बंद करूनही उतरले नाहीत.

"हलकी झाली," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला फोन करून तिकीट मागवलं आणि गाडी वडिलांना देऊन टाकली.

माझ्या स्कूटरला सोमवारी भरलेलं पेट्रोल शनिवारपर्यंत पुरायचं. आता गुरुवारीच संपतं. मागचे फूटरेस्ट मी शाळेतून आल्यावर आत दाबते आणि सकाळी ते उघडे असतात. वळणावर माझा डावा खांदा किंचित खाली जातो. वडिलांना सांगितलं, तर ते प्लग न बघताच म्हणाले, "म्हाताऱ्याच्या कानावर हे घालायचं नाही. मोठ्या कष्टाने मन तयार केलंय त्याने." मला तसंही माणसांसमोर बोलता येत नाही. म्हणून हा कागद मी पापांच्या हातात देणार आहे, बॅग आत जायच्या आधी, म्हणजे त्यांना निदान

"तेकुरा, झालं का तुझं?" वडील फाटकातून हाक मारताहेत. "पापा आलेत. मोटारीने सोडतो म्हटलं तर नको म्हणतात. स्कूटर काढ आणि त्यांना मागे बसव."

आले. पण मागे तर