माफ आणि माप

गल्लीत तिला सगळे पाठीमागं 'कात्री' म्हणायचे आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. नवरा शिंपी, बायको कात्री. जोडा देवानंच बेतलाय, असं तीच तोऱ्यात सांगायची. पण हल्ली नवऱ्याच्या, म्हणजे टेलरमास्तरांच्या, डोक्यातली शिवण उसवत चालली होती. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घरची वाट गेली. एके सकाळी तिनं चहा पुढं केला, तर ते अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचं काम झालं नाही अजून. परवा या."

"बरं, परवा येते," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

घरी एका जागी न टिकणारा हा माणूस प्रार्थनाघरात मात्र गायीसारखा शांत बसे. स्वतःचं नाव चुकलं तरी तिथलं गाणं चुकत नसे. आठवड्यातला तेवढाच वेळ कात्रीच्या जिवाला विसावा होता.

घोटाळा व्हायचा तो शेवटी. सगळे डोळे मिटून म्हणत, "देवा, आम्हाला माफ कर." मास्तरांना ऐकू येई 'माप'. जन्मभर ज्या शब्दावर पोट भरलं, तो ऐकून टेलर बसून राहील होय? गळ्यातली टेप काढून ते उठत आणि पुढच्याचे खांदे मोजू लागत. त्या दिवशी नेमके पुढं होते प्रार्थनाघराचे कारभारी. टेप त्यांच्या पोटाभोवती फिरली आणि मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "पोट सुटलंय, राव. कापड जास्त लागेल."

सगळी प्रार्थना हसण्यात बुडाली.

कारभाऱ्यांनी कात्रीला पायरीवर गाठलं. "काकू, मास्तरांबद्दल आदरच आहे आम्हाला. पण यापुढं त्यांना घरीच ठेवा. देवाला काय, घरूनही ऐकू येतं."

"एवढं ऐकू येतं, तर तुम्ही माईक कशाला लावता?"

"चेष्टा नाही, काकू. एकट्या कशा आवरणार तुम्ही? आज ते उठले तेव्हा तुम्ही बसल्या जागी पेंगत होता."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मागून सिस्टर आल्या. नर्सची नोकरी सुटली तरी इस्पितळातली शिस्त त्यांच्या अंगातून सुटली नव्हती. "कधीची सांगतेय, दुपारी मी येऊन बसत जाते त्यांच्यापाशी."

"उपकार नकोत कुणाचे."

"वा गं वा! देवापुढं पदर पसरतेस आणि माणसापुढं जीभ जड होते होय तुझी?"

मास्तरांचा हात धरून कात्री तरातरा पायऱ्या उतरली.

पुढच्या आठवड्यात ती मास्तरांना हाताला धरून घेऊन आली. कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गुरुजी प्रार्थना सुरू करणार, तोच ती उभी राहिली.

"गुरुजी, थांबा जरा. मला शाळा फारशी नाही, तेव्हा सरळच बोलते. माझा माणूस 'माफ' म्हटलं की माप घ्यायला उठतो. डोक्यातलं सगळं गेलं, पण दुसऱ्याच्या अंगाला नीट बसेल असं काही द्यावं, एवढं उरलंय. तेही मी काढून घेऊ? मी त्यांना घरात कोंडणार नाही. पण..."

पुढचं वाक्य तिनं आजवर कुणापुढं उच्चारलंच नव्हतं.

"पण माझ्या एकटीच्यानं होत नाही. इथं शेजारी बसायला कुणी हवं, दुपारी घरी कुणी हवं. जमत नसेल तर तोंडावर सांगा. पाठीमागं बोललेलं मला तसंही कळतं."

सिस्टर तेवढ्या उठून मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. उजवी बाजू रिकामीच राहिली. कात्री खाली बसेना. तिनं एकेका तोंडाकडे पाहिलं. जो तो पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

शेवटी कारभारी खाकरले. "मागच्या बाकावर घेऊन बसतो मी त्यांना. उठले की बाहेर नेईन."

"बाहेर न्यायचं नाही. घेऊ द्यायचं माप."

"अहो काकू, सगळ्यांदेखत..."

"सगळ्यांदेखतच."

कारभाऱ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताकडे बघत होते. ओठ मात्र दाबून धरले होते.

"बरं, बाई. पण दंडाचं. पोटाचं नाही!"

दोन दिवसांनी दुपारी सिस्टर घरी आल्या. कात्रीनं उंबऱ्यातच तोंड सुरू केलं. "चहा कोमट लागतो. सुई हाती लागू द्यायची नाही, बटणं निवडायला द्यायची. रडले तर समजूत घालू नका, चिडतात. नुसता हात धरा. आणि त्यांना खोटं पाडू नका, ते—"

"मी काय काल जन्मले का गं? जा, पड जा."

कात्री आतल्या खोलीत गेली. पडली, ती दार उघडं ठेवून. बाहेर बटणांचा आवाज, मास्तरांचं काहीतरी पुटपुटणं. दोनदा ती उठायला गेली, दोनदा दात आवळून पडून राहिली. तिसऱ्यांदा मात्र उठलीच आणि आपल्या हातानं दार लोटून घेतलं.

"देवा," तिनं बजावलं, "आता तू आणि सिस्टर बघून घ्या." आणि भिंतीकडे तोंड करून तिनं डोळे मिटले.