दुसरी चप्पल

केसरला सिनेमाचा शेवट बघायला मिळाला नाही आणि मला मिळाला. सगळं वाटोळं त्यातून झालं.

दुष्काळाचं साल. पाटोद्याकडच्या माळावर चेअरमन सुंदररावांच्या सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती. मी आणि माझी चुलत बहीण केसर, आमची दोन्ही घरं गुरांबरोबर तिथेच खोपी करून राहत होती. चारा-पाणी सोसायटीचं, त्यामुळे खोकायचं तरी चेअरमनच्या तोंडाकडे बघून. त्यांचा मुलगा शहादेव चारावाटपाला उभा असायचा. केसरच्या वाट्याच्या पेंढ्या जरा जाडच असायच्या. मला सगळं ठाऊक होतं आणि त्याचं भारी कौतुक वाटायचं. ती अठरा सरलेली, मी पंधराची. मला अक्कल ती केवढी असणार?

चेअरमनच्या वाढदिवसाला संध्याकाळी छावणीत पडदा लागला. सिनेमा कॉलेजातला. सावत्र आईच्या खानावळीत राबणारी मुलगी गॅदरिंगला नाचते, पळताना तिची एक चप्पल मागे राहते आणि हिरो ती घेऊन मोटारसायकलवर शहरभर तिला शोधतो. ऐन मध्यावर केसर उठून कडब्याच्या गंजीमागे गेली. थोड्या वेळाने तिकडून राखणदाराचा आवाज आला. केसर धापा टाकत परतली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. राहिलेली तिने गव्हाणीखाली पुरली आणि खोपीत जाऊन तोंड झाकून पडली. मी मात्र सिनेमा संपेपर्यंत बसले.

सकाळी ती टँकरवर पाण्याला गेली असताना चेअरमन स्वतः आले. हातात ती चप्पल, चंदेरी पट्ट्याची, बाजारात मीच निवडून दिलेली. एवढा मोठा माणूस पायताण हातात घेऊन खोपीखोपीला हिंडतोय हे बघून बायांनी पदर पुढे ओढले. माझी आई छबुबाई कानाशी म्हणाली, गप बस. मला आनंदाने बसवेना. शहादेवनेच बापाला पाठवलंय, अशी माझी खात्री झाली होती.

चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "जिची हाय तिनं भिऊ नये. आमाला निस्तं घर बघायचंय."

मी धावत गेले, गव्हाणीखालून दुसरी चप्पल काढली आणि शेण पुसून, "आमच्या केसरची हाय," म्हणत त्यांच्या हातात दिली.

त्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. मग केसरच्या बापाला, आप्पारावकाकांना विचारलं, "गुरं किती हायेत तुजी?"

"सात, मालक."

"जगवायची असतील तर चार दिवसांत पोरीचं लगीन उरक. नवरा मी बघतो."

काकांनी मान डोलावली.

गंजीमागे सापडलेल्या शहादेवला बापाने पहाटेच पुण्याला धाडलं होतं. पट्ट्याने फोडलं तरी पोराने नाव सांगितलं नाही, असं राखणदार नंतर म्हणाला. ते काम मी केलं होतं.

चौथ्या दिवशी लग्न लागलं. नवरा तेलगावकडचा बिजवर, चाळिशी उलटलेला. सातही गुरं दावणीला निवांत रवंथ करत होती. चार दिवस केसर माझ्याशी बोलली नव्हती. जीपमध्ये बसल्यावर तिने माझा हात धरला.

"जानके, त्या शिनेमाचा शेवट काय झाला गं?"

"चप्पल बसली तिला," मी म्हणाले.

"आन् मग?"

मला पुढचं सगळं ठाऊक होतं. मी वाकून तिच्या साडीचा काठ जीपच्या आत सारला. जीप सुटेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.