वीतभर नळी

मशीन शून्यावर येत नव्हती. नळी टपरीच्या खिडकीतून मोकळ्या हवेत लोंबत होती, आसपास एकही गाडी नव्हती, आणि पडद्यावर ठाण मांडून बसले होते एकतीस.

"काच पुसली काय?" मोठेबाबांनी विचारलं.

"तीनदा पुसली. आता तिले ओवाळाचंच राह्यलं."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सूर्यभान. शेती दोघांची, पण कपाशी माझे बाबा बघतात आणि मोठेबाबा धूर बघतात, असं आमच्या घरी म्हणतात. दर्यापूर रोडवर एका मोठ्या कडुनिंबासमोर त्यांची पत्र्याची टपरी आहे. गाड्यांचा धूर तपासून पीयूसीचा कागद द्यायचा, हे काम ते एकोणीस वर्षं करतायत. मी दहावीत. शहरातल्या राजापेठेच्या क्लासला दिवाळीची सुट्टी लागली होती. त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझं मॉडेल पहिलं आलं होतं, आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू माझीच वाट बघतेय असं मला वाटायचं. म्हणून रोज सायकल काढून टपरीवर.

काम तसं सोपं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरात नळी खोल घालायची, ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, असं तीन-चारदा. धूर नळीतून मशीनमध्ये जातो आणि मशीन त्याचा आकडा सांगते. आमच्याकडच्या जुन्या जिपांना पासष्टच्या आत पास. पण रोज सकाळी आधी मशीनला स्वच्छ हवा दाखवावी लागते आणि तिने शून्य म्हणावं लागतं. शून्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

मोठेबाबांना खरं तर मशीन लागायचीच नाही. ते गाडीच्या मागे उभे राहून एकदाच नाक ओढायचे आणि म्हणायचे, "बहात्तर." मशीन म्हणायची एकाहत्तर. ड्रायव्हर लोक यावर चहाची पैज लावायचे आणि हरायचे.

त्या दिवशी दुपारी अकोल्याहून धर्मपाल येणार होता, मशीनची वर्षाची तपासणी करायला. शून्य आलं नाही तर तो मशीनला सील लावणार आणि टपरी बंद होणार. त्याला फोन केला तर म्हणाला, तिथली हवाच साफ नसेल. मी बाहेर बघितलं. कपाशी फुटली होती, पार क्षितिजापर्यंत पांढरं. पान हलत नव्हतं. याहून साफ हवा आणायची कुठून?

तसं गेले तीन दिवस मशीन सकाळी थोडी अडत होती. अठ्ठावीस, मग एकोणतीस, मग तीस. पण मोठेबाबा फाट्यावरून चहा घेऊन येईपर्यंत आपोआप शून्य व्हायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. आज धर्मपालच्या धास्तीने ते चहाला गेलेच नव्हते.

शेवटी कंटाळून ते रस्त्यापलीकडे निंबाखालच्या रांजणावर पाणी प्यायला गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा उतरला. बावीस. चौदा. सहा. शून्य.

मी ओरडले. ते लगबगीने परत आले. सहा. चौदा. बावीस. एकतीस.

मला तर प्रयोगच सापडला. मी खडू घेतला. मोठेबाबांना म्हटलं, मागे जा. आता थांबा. टपरीच्या दारात एकतीस, तिथे रेघ. डांबराच्या कडेला बावीस, तिथे रेघ. रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चौदा. निंबाखाली शून्य. मग पुन्हा उलटं. मोठेबाबा वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे हात बाजूला सोडून पुढेमागे होत होते, आणि मी पडद्यासमोर अक्षरशः नाचत होते. चार वेळा केलं, चारही वेळा तेच आकडे. पहिला नंबर पुन्हा माझाच.

पाचव्या वेळी ते दारात येऊन उभे राहिले आणि मी पडद्याकडे जरा निरखून बघितलं. आकडा स्थिर नव्हता. एकतीस, एकोणतीस. एकतीस, एकोणतीस. मशीनमधला छोटा पंखा घरघरत होता. मी मान वळवली. मोठेबाबांची छाती वर होत होती, खाली होत होती. श्वास बाहेर, एकतीस. श्वास आत, एकोणतीस.

"श्वास धरा बरं," मी म्हटलं.

त्यांनी धरला. आकडा जिथल्या तिथे थांबला.

माझ्या हातातला खडू तुटला होता, तो कधी तुटला ते कळलं नाही. मी म्हटलं, शर्टाला धूर लागला असेल. त्यांनी शर्ट काढून निंबाच्या फांदीला टांगला आणि बनियनवर आले. एकतीस. हातपाय धुतले, गुळण्या केल्या. एकतीस.

मोठेबाबा स्टुलावर बसले. मग नळी उचलून माझ्या हातात दिली.

"आचल, मी नळी कशी धरतो? दाखव."

मी दाखवली. सायलेन्सरात खोल घालायची आणि मग वीतभर बाहेर ओढून धरायची. दर्यापूरच्या जिपा, भाजीचे टेम्पो, ओळखीचं कुणी असलं की ते असंच करायचे. मला वाटायचं, धरायची पद्धतच ती. वीतभर ओढली की अर्धाच धूर मशीनमध्ये जातो, आकडा पासष्टच्या आत येतो, कागद निघतो. त्यांनी त्यासाठी पैजेच्या चहाशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही. गरिबाची गाडी चालली पाहिजे, एवढंच म्हणायचे.

"मशीनले जो धूर दाखोला नाई," ते म्हणाले, "तो कुठी जात असन, याचा मी कधी इचारच नाई केला."

"हवेत जाते, मोठेबाबा. कुठी जाईन?"

"हवेतच मी उभा राहतो ना, माय."

दोन वाजता धर्मपाल आला. मोठेबाबा आधीच पलीकडे जाऊन उभे राहिले होते. शून्य एका झटक्यात आलं. त्याने सोबत आणलेल्या मापाच्या काचा लावून पाहिल्या, आकडे उतरवले, मशीनवर नवीन कागद चिकटवला. सूर्यभानजी इकडे का येत नाहीत, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांना सावली आवडते. निंबाखालून मोठेबाबांनी हात वर केला. धर्मपालनेही केला आणि त्याची मोटरसायकल अकोल्याच्या दिशेने निघून गेली. मशीन वाचली. मला आनंद झाला पाहिजे होता.

मग श्यामची जीप आली. ती दिसायच्या आधी ऐकू येते. श्यामने सायलेन्सर कापून मोकळा पाइप बसवला होता, आवाजाची हौस म्हणून, आणि ओढ यावी म्हणून डिझेलचा पंपही वाढवून घेतला होता. जीप थांबली तरी पत्रे थरथरत होते. आत दर्यापूरच्या दहा-बारा सवाऱ्या. पोलिसांनी आदल्या दिवशी अडवलं होतं, आज कागद नसेल तर गाडी जमा.

"काका, लवकर करा," तो खिडकीतून म्हणाला. "अन् नाकाचा आकडा सांगा, चहा माह्याकडून."

मोठेबाबा जीपच्या मागे गेले. काळा धूर त्यांच्या गुडघ्यांना गुंडाळत होता. माझ्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी नाक ओढलं. थांबले. पुन्हा ओढलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "वासच नाई येऊन राह्यला."

श्याम आतून म्हणाला, काका म्हातारे झाले, चहा वाचला. सवाऱ्या हसल्या.

मोठेबाबांनी नळी घेतली आणि पाइपात घातली. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. ते वीतभर मागे येतं, नेहमीच येतं. त्या दिवशी नाही आलं. नळी पार शेवटपर्यंत गेली आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

श्यामने अॅक्सिलरेटर दाबला. चारदा.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हटलं.

"पुन्हा पाहा," श्याम म्हणाला. "काका, वीतभर. नेहमीसारखं."

"सायलेन्सर बसव. पंप उतरव. मंग ये."

"चार वर्षांत कधी असं केलं नाई तुमी. आज काहून? पोरगी शिकवून राह्यली काय तुमाले?"

"माह्या छातीत आता जागा नाई, बाप्पा," मोठेबाबा म्हणाले.

श्यामला ते काय कळणार. त्याने जीप गिअरमध्ये टाकली. मग म्हणाला की कागद दुसरीकडेही भेटतो, आणि भेटतो हे आता सगळ्या स्टँडला कळेल. मोठेबाबा म्हणाले, भेटन. जीप गेली. धूर बराच वेळ कपाशीवर तसाच टांगलेला होता.

संध्याकाळी मी घरी म्हटलं, मोठेबाबांना दवाखान्यात न्यायचं आहे. कारण सांगितलं नाही, पण हट्ट धरला. बाबांनी तपासणीसाठी सोमवार ठरवला. मोठेबाबा नाही म्हणाले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टपरी उघडली, मशीन लावली आणि तिच्यासमोर स्वतःच उभे राहिले. छाती वर, छाती खाली. मी पडदा बघितला. आकडा रोज एकेकाने वाढत आला होता. मी बत्तीसची तयारी करून बसले होते.

"किती?"

"एकतीस."

"वाढला नाई?"

"नाई."

त्यांनी मान हलवली, दुसऱ्या कुणाच्या तापाबद्दल ऐकावं तशी. मग खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि पलीकडे गेले, निंबाखाली. तिथून त्यांनी हाताने विचारलं. मी अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवलं.

तेवढ्यात दर्यापूरच्या तीन जिपा एकामागून एक गेल्या. एरवी हॉर्न द्यायचे, काका म्हणून हात करायचे. आज कुणी बघितलं नाही. धूळ बसली. रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत रिकामा झाला.

मोठेबाबा तरी कडेला थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. आणि मग माझ्या खडूच्या रेघा ओलांडत, सावकाश कामावर आले.