लुएलाची रांग

ऑरिनला मी बजावलं होतं, कापलेलं गवत दाताळ्याने ओढून टाक म्हणून. ऐकेल तर तो ऑरिन कसला! आमच्या आयोवातला माणूस अंगणातलं गवत कापतो आणि कातरण तिथेच टाकतो. तेच खत म्हणे. आगीला अडवायचा पट्टासुद्धा त्याने तसाच कापला, आणि वाळकं कातरण वर गादीसारखं पसरून ठेवलं.

एप्रिलमध्ये मी माझी रानफुलांची जागा जाळते. जुनं गवत जळून गेलं की जमिनीला ऊब लागते आणि फुलं जोमाने वर येतात. वारा ज्या बाजूला वाहतो तिकडून आधी पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकते. त्याच बाजूला पट्ट्यापलीकडे ऑरिनचं लाकडी घर आहे, आणि घराच्या भिंतीला टेकून कोंबड्यांचं खुराडं.

आणि पट्टा नि भिंत यांच्या मधे लुएलाची रांग. लुएला माझी धाकटी बहीण, ऑरिनची बायको. वारली त्याच्या आधीच्या शरदात तिने कंपासच्या फुलांचं बी पेरलं होतं. या झाडाची पानं होकायंत्राच्या काट्यासारखी उत्तर-दक्षिण उभी राहतात. वर्षानुवर्षं नुसती पानंच, सगळा जोर खाली मुळाला. मग कधीतरी पुरुषभर उंच दांडा येतो आणि त्यावर पिवळी फुलं. गेल्या उन्हाळ्यात पानं हातभर झाली होती. यंदा फुलणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. ऑरिनने त्या रांगेजवळ यंत्र कधी फिरवलं नाही, त्यामुळे तिथलं वाळकं गवत गुडघ्याएवढं झालं होतं.

मी पेटवलं. आग शहाण्यासारखी उलटी सरकायला लागली. तेवढ्यात ऑरिन ओरडला, "अर्डिस! मागे बघ!"

कातरण धुमसत होतं. कातरणातूनच आग पट्टा ओलांडून पलीकडे निघाली होती.

पाठीवरच्या पंपातलं पाणी मी ओतून संपवलं. बाहेरचा नळ थंडीत फुटू नये म्हणून अजून बंदच होता. आग रांगेच्या उंच गवताकडे वळली. एकदा ते पेटलं असतं तर पुढे खुराडं, खुराड्यामागे घर. आत कोंबड्या फडफडून नुसता कालवा करत होत्या.

ऑरिन ट्रॅक्टरवर चढला. मागे गोल पोलादी तव्यांचा नांगर जोडलेलाच होता. नांगरून उघड्या मातीची एक रेघ काढली की आग थांबली असती. पण रांग आणि भिंत यांच्या मधे ट्रॅक्टर मावत नव्हता, आणि रांगेच्या अलीकडे आग येऊन पोचली होती. रेघ काढायची तर रांगेवरूनच.

त्याने इंजिन चालू केलं आणि तसाच बसून राहिला.

"अरे घाल ना नांगर!"

"लुएलाचं आहे ते."

"मला सांगतोस? माझी बहीण होती ती! घाल म्हणते ना!"

त्याचे हात स्टिअरिंगवर होते, पण तो ढिम्म हलेना. धूर माझ्या डोळ्यांत गेला. रांगेच्या टोकाचं गवत तडतडायला लागलं.

मी वर चढले, त्याला कोपराने ढकलून खाली उतरवलं आणि नांगर टाकला. तवे जमिनीत शिरले. मुळं तुटताना जो आवाज आला तो मला इंजिनाच्या वर ऐकू आला, देवाशपथ. मी रडत होते आणि शिव्याही देत होते. आग मातीपाशी आली, घुटमळली आणि विझली. खुराड्याची एक फळी तेवढी काळी पडली.

मी उतरले तेव्हा ऑरिन मातीत गुडघे टेकून बसला होता. हातात मनगटाएवढं जाड मूळ, पांढरं, त्यातून चीक गळत होता. तो ते परत मातीत दाबत होता, उभं राहीना तरी दाबत होता.

"तुला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "जळू द्यायचं होतंस."

"काय जळू द्यायचं होतं? नुसतं खुराडं होतं का ते? मागे तुझं घर होतं, गाढवा!"

त्याने मुळाभोवती आणखी माती ओढली.

"माहीत होतं मला," तो म्हणाला.