न लागलेलं दही

सिंधुबाईने डबा तिरका केला तसं दूध कडेपर्यंत सरळ वाहत आलं. फाटलेलं नाही, घट्टही नाही. वर फक्त सायीचा पातळ पापुद्रा. दुसऱ्या डब्यातलं दही बसच्या हादऱ्यांनी मोडलं होतं, पण ते दहीच होतं.

"एकाच पातेल्यातलं दूध हाय मॅडम," सिंधुबाई म्हणाली. "ह्यात घरचं विरजण, ह्यात तुमची पुडी. दोन्ही एकाच गोधडीत ठिवले रातभर. तुम्हीच म्हणला व्हता ना, पुडीत दह्यासारखे जंतू हाय म्हणून?"

मी 'असतील' म्हणाले होते. आमच्या अभ्यासातल्या निम्म्या मुलांना जंतूंची पुडी मिळते, निम्म्यांना नुसत्या पिठाची; कुणाला कोणती, हे मलाही कळू देत नाहीत. किडन्या निकामी होत गेल्या की आतड्यातले जंतू बदलतात, त्यांची विषं रक्तात उतरतात आणि शरीरात दाह धुमसत राहतो. चांगले जंतू दिले तर तो कमी होतो का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. सिंधुबाईने तुलनेला विरजणही ठेवलं होतं. मी याहून नीट प्रयोग मांडला नसता.

तिची सात वर्षांची लेक वेदिका बाकावर पाय हलवत होती. निफाडहून येताना तिला दोनदा उलटी झाली होती.

"पावडर आमच्या ताकापुढं हारली," ती म्हणाली.

"गप गं."

वेदिकेच्या पोटात नळी बसवून डायलिसिस सुरू करू, असं डॉक्टर गणपतीपासून सांगत होते. दर वेळी सिंधुबाई म्हणायची, मॅडमच्या पुड्या संपू द्या. मी ते ऐकायचे आणि शौचाच्या नमुन्याच्या डबीवर नंबर घालायचे. नळी बसली की मूल अभ्यासातून बाहेर. मला चाळीस मुलं हवी होती. वेदिकेला धरून एकोणचाळीस होती.

"ती दुसरी, जंतूवाली पुडी भेटली असती तर?" सिंधुबाईने विचारलं.

"दही लागलं असतं," मी म्हणाले. "नळी टळली नसती. हे मी गणपतीतच सांगायला हवं होतं."

तिने आधी दह्याच्या डब्याला झाकण लावलं, नंतर दुधाच्या. वेदिकेचे पाय थांबले होते.

"बसवा ती नळी," सिंधुबाई म्हणाली.