पट्टी सुटण्याआधी

लाकडी पट्टी एकवीस सेंटिमीटर खाली आली तेव्हा कुठे प्रणयची बोटं मिटली. विनिताने वहीत आकडा लिहिला. आधीचे दोन वीस आणि बावीस होते. दोन वर्षांपूर्वी, याच ओटीवर, याच पट्टीवर, तो पंधराच्या पुढे क्वचितच जाई.

प्रयोग साधा होता. तिने पट्टी वरच्या टोकाला धरायची, त्याने खालच्या टोकाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. ती न सांगता पट्टी सोडणार, त्याने पकडायची. पट्टी जितकी जास्त घसरेल तितका हात उशिरा चालला. उरणच्या कॉलेजात अकरावीला पदार्थविज्ञान शिकवताना ती मुलांकडून हे करून घेई. धाकटा भाऊ प्रणय बॉक्सिंगला लागल्यापासून दर दुसऱ्या रविवारी त्याच्याकडूनही घेत असे. पंधरा आणि एकवीस यांत सेकंदाच्या तीन शतांशांचा फरक पडतो. तेवढ्या वेळात प्रणयच्या वजनी गटातल्या माणसाचा ठोसा वीतभर पुढे आलेला असतो.

"बाय, पोराचा पंजा वाढला का गं?" नामाकाका पायरीवर चपला काढत म्हणाले. ही मोजणी हाताच्या आकाराची असते, अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती.

"नाही काका."

"मंग काय मोजतेस सारखी? बारा तारखेला विपुलच बरोबर मोजंल."

नाक्यावर कालच बॅनर लागला होता. एका बाजूला प्रणय, दुसऱ्या बाजूला थळचा विपुल, दोघांच्या मुठी एकमेकांवर रोखलेल्या आणि खाली बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो. पहिल्या ओळीत गॉगल लावलेले नामाकाका. जत्रेच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात लढत, असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. थळहून विपुलचा होकार आला होता. सगळ्यांना कळवलं होतं, फक्त प्रणयला विचारायचं राहून गेलं होतं.

"छापायच्या आधी एक फोन केला असतास नामा," दयाराम चहाचा कप पुढे सारत म्हणाले. ते विनिता आणि प्रणयचे वडील. मिठागरं गेल्यावर त्यांनी ट्रेलर घेतला होता आणि न्हावा शेवा बंदराच्या रांगेत उभं राहून राहून त्यांना कुठल्याही गोष्टीची घाई उरली नव्हती.

"फोन केला असता तर यो हो बोलला असता? तूच सांग." नामाकाकांनी बोटांवर मोजायला घेतलं. "पहिल्या खेपेला यानं वजन उतरवलं आन् खालच्या गटात गेला. का, तर वरच्या गटात विपुल. मी गप बसलो. दुसऱ्या खेपेला हात सुजला."

"सुजलाच होता," दयाराम म्हणाले.

"सुजला व्हता, बरं. आन् तिसऱ्या खेपेला? राज्याची निवड सोडून चुलतभावाच्या हळदीत नाचला! आपल्यात हळद मोठी, मान्य हाय मना. पन नवरदेव यो व्हता का?"

दयारामांना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं. "खालच्या गटात रौप्य आणलं त्याने. ते नाय कोण बोलत."

"रौप्य घरात टांग. थळवाले काय बोलतात ठावं हाय? तुमचा प्रणय बॅनरवर लय भारी उभा राहतो, म्हणं."

सहा फूट तीन इंचांचा प्रणय भिंतीला टेकून बसला होता आणि पुढच्या वेळेसाठी बोटं उघडी ठेवून वाट पाहत होता.

विनिताने पट्टी उचलली. चौदा महिन्यांपूर्वी पुण्याच्या सराव शिबिरात त्याच्या कानशिलावर ठोसा बसला होता आणि अर्धा मिनिट त्याला स्वतःचं नाव आठवलं नव्हतं. नंतरच्या रविवारी पट्टी अठरावर थांबली. ती त्याला घरी न सांगता वाशीला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्कॅन स्वच्छ आला. "खेळू नका असं मी लिहून देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "आणि खेळा असंही नाही." मग तिनेच प्रणयला सांगितलं की पट्टी पंधरावर येईपर्यंत विपुल नको. वजन उतरवायची युक्ती तिची. हाताच्या सुजेला चार दिवस जास्त लावले तेही तिनेच. हळद तेवढी त्याने स्वतः शोधली. खालच्या गटातले ठोसे त्यातल्या त्यात हलके, म्हणून ते तिने चालवून घेतले होते. दर पंधरवड्याला आकडा लिहून झाला की ती म्हणे, पुढच्या वेळी बघू. गाव त्याला भित्रा म्हणत राहिलं आणि त्याने एकदाही तिचं नाव घेतलं नाही.

तिने पट्टी सोडली. बोटं फटकन मिटली.

"चार!" दयारामांनी वाकून वाचलं. "बघ रे नामा, चार!"

"वाघ हाय, वाघ!" नामाकाकांनी मांडीवर थाप मारली.

विनिताने आकडा लिहिला नाही. चार सेंटिमीटर म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. डोळ्याने पाहून हात हलायला त्याहून जास्त वेळ लागतोच, मग माणूस कुणीही असो. त्याने पट्टी पाहिलीच नव्हती. ती कधी सुटेल याचा त्याने अंदाज बांधला होता. अंदाजावर पकडणारा माणूस सरळ ठोशातून एखाद्या वेळी वाचेलही. पण विपुलचा सगळा खेळ हुलीचा. तो डावा खांदा हलवतो, हात मात्र येत नाही, आणि समोरचा झुकला की उजवा येतो.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

प्रणयने बोटं उघडली. विनिताने मनगट किंचित झटकलं, पण पट्टी सोडली नाही. त्याची बोटं पट्टीच्या टोकावर मिटली.

"हूल दिली की बायनी!" नामाकाका खदखदून हसले. दयारामही हसले.

तिने पुन्हा मनगट झटकलं. बोटं पुन्हा मिटली.

तिसऱ्या वेळी तर तिने फक्त खांदा हलवला. बोटं मिटली. आता कुणी हसलं नाही. नामाकाकांनी कप खाली ठेवला.

प्रणय आपल्या बोटांकडे पाहत राहिला. पट्टी अजून तिच्या हातातच होती.

"काय लिहिणार आता?" त्याने विचारलं. "पुढच्या वेळी बघू?"

विनिताने पेनाला टोपण लावलं.

"बाबा, काका, विपुलला याने टाळलं नाही. टाळायला मी लावलं, तिन्ही वेळा," ती म्हणाली. मग ती भावाकडे वळली. "प्रणय, आता रिंगमध्ये उतरायचं नाही. बारा तारखेला नाही आणि नंतरही नाही. विपुलशी नाही, कुणाशीच नाही."